मे महिन्यातला स्वेटर

मे महिन्यात स्वेटर घालणारा माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि तो आष्टीत माझ्या मावशीच्या घरी राहतो. मावशीचे यजमान, आमचे काका. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जालन्याला सळयांच्या कारखान्यात भट्टीपुढे काढली. त्यामुळे निवृत्त होऊन गावी आल्यावर इथलं ऊन त्यांना अगदीच पुळचट वाटू लागलं. "हे काय ऊन हाय व्हय? ह्याच्याहून गरम तर आमच्या भट्टीपुढचा वारा असायचा!" असं म्हणून ते आभाळाकडे बघत आणि वरचं बटण लावून घेत.

माणूस किती उष्णता सोसू शकतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. प्रयोग अर्थात स्वतःवरच. भर दुपारी कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसलेली असताना काका लोकरी स्वेटर चढवून बाजाराला निघत. "घामानं स्वेटर भिजतो, वाऱ्यानं गार पडतो. अंगावरच कूलर, बिनखर्चाचा!" हे ऐकताना मला अगदी पटायचं, आणि बसस्टँडपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलं की पटलेलं सगळं वितळून जायचं. खिशात मात्र उन्हाचा उतारा म्हणून कांदा असायचाच. ऊन लागतच नाही तर कांदा कशाला, असं मी एकदा विचारलं. "आपल्याला लागत न्हाई, पर उन्हाला तसं दाखवायचं न्हाई. चिडतंय ते." हेच काका थंडीत नुसत्या बनियनवर हिंडत, कारण शरीराचे लाड करायचे नसतात. यात नेमका नियम कोणता, ते मला आजवर उमगलेलं नाही.

घरावर पत्रे. कूलरचं नाव काढलं की काका म्हणत, "ते व्यसन हाय, तंबाखूसारखं." मावशी पदरानं वारा घेत गप्प ऐकायची. तिलाही सवय झाली असेल, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

मागच्या मे महिन्यात भाकरी करून उठताना मावशी कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं, बोलणं भलतंच. काकांनी अंगातला स्वेटर काढला, बादलीत बुचकळला, तिच्याभोवती गुंडाळला आणि शेजाऱ्याच्या जीपमधून तिला परतूरच्या दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा आत सलाईन चालू होतं. मावशी वाचेल की नाही, कुणी सांगत नव्हतं. बाहेर बाकावर काका बनियनवर बसले होते, हातात कांदा.

"हा तिच्यापाशी पाह्यजे व्हता," ते म्हणाले. "पर लुगड्याला खिसा नसतोय." मग कांदा या हातातून त्या हातात घेतला. "माणूस किती सोसतो, ते मी माझ्यावरच मोजून राह्यलो व्हतो. ती बी त्याच पत्र्याखाली व्हती की रे." मला त्यांची फार दया आली, आणि रागही आला.

मावशी वाचली. परवा गेलो तर खिडकीत भलामोठा कूलर घरघरत होता आणि ती आत निवांत पडली होती. काका बाहेर रणरणत्या उन्हात, कूलरशेजारी बादली घेऊन बसलेले. आत का बसत नाही, असं विचारलं.

"आत बसलं तं पाणी संपलेलं कळत न्हाई." त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं आणि गोंधळलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. "ती कधी म्हणलीच न्हाई, गरम होतंय म्हणून. का म्हणली नसंल रे?"

तेवढ्यात आतून मावशीचा आवाज आला, "अवो, ऊन लागंल, आत या."

कूलरच्या घरघरीत काकांना तो ऐकू गेला नाही.