पोरीनं शोधलेला शब्द

हेडमास्तरांच्या खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मला कोणी बस म्हटलं नाही. नववीतली माझी मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

शाळा हिंदी, पण कम्प्युटरच्या मॅडम आमच्यासारख्या मराठीच. नवरा प्लांटमध्ये साहेब. बाकी पालकांना त्या 'आप' म्हणतात. मला म्हणाल्या, "काय गं, घरी हेच शिकवतेस का? काय घाण शोधत होती, विचार तिला."

शाळेच्या कम्प्युटरवर बंदी घातलेले शब्द आहेत. त्यातला एखादा टाकला की पडदा लाल होतो आणि तो शब्द मॅडमच्या मोबाईलवर जातो. मागच्या साली मोठ्या पोरांनी मुलींना घाणेरडी चित्रं दाखवली, तेव्हा बंदी घाला म्हणून आम्ही पालकच मागं लागलो. सभेत मीही हात वर केला. आजही म्हणते, बंदी पाहिजे.

पण माझ्या पोरीनं टाकलं होतं, 'स्तन में गांठ'. मॅडमकडे पहिला शब्द तेवढा गेला.

गाठ माझी. डाव्या छातीत. नवऱ्याला सांगायची लाज, दवाखान्यात पुरुष डॉक्टर. आंघोळीला पाठ घासून देताना पोरीच्या हाताला लागली.

"माय वं, हे काय होय?"

मी म्हटलं, काही नाही, कोणाले सांगू नको. घरात एकच मोबाईल, तो बापासोबत ड्युटीवर. म्हणून तिनं शाळेत शोधलं.

उद्या प्रार्थनेला सगळ्यांसमोर माफी मागेल तरच कम्प्युटरला बसेल, मॅडम म्हणाल्या. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. बोलली नाही. कोणाला सांगू नको, असं मीच म्हटलं होतं ना.

मोठ्या माणसांपुढं मला हो जी, नाही जी एवढंच येतं. चौथी शिकलेली बाई. त्या दिवशी हेडमास्तर समोर बसले असताना मी म्हटलं, "मॅडम, माह्या थानात गाठ आहे. पोरगी तेच शोधून राहिली होती. माफी नाही मांगत ते."

हेडमास्तरांनी मान खाली घातली. मॅडम म्हणाल्या, "मग आधी सांगायचं. पण नियम तो नियम."

मुलगी अजून कम्प्युटरला बसत नाही. शब्द अजून बंद आहे. वर्गातल्या पोरी तिला त्याच शब्दानं चिडवतात. मी शेवटी दवाखान्यात गेले, तिथं मोठी तपासणी सांगितली आहे. चांगलं काही निघेल असं वाटत नाही.

तपासणीला मी पोरीला सोबत नेणार. तिच्यासमोर सगळं विचारणार, लाज न धरता. आणि माफी ती मागणार नाही. मी असले तरी, नसले तरी.