उजेड काहून केला गा?

"उजेड काहून केला गा?"

आमच्या प्रयोगशाळेचं दार उघडलं की आधी हा प्रश्न बाहेर यायचा. सर नंतर दिसायचे. बनियनवर पांढरा कोट, घामाने चिंब.

सर यीस्टच्या पेशींवर अतिनील किरण सोडत. त्याने पेशींचा डीएनए बिघडे. पेशीत प्रथिनं कापणारी विकरं असतात. ती औषधाने अडवली, तर बिघडलेली पेशी स्वतःला दुरुस्त करते का, जगते का, हे त्यांना बघायचं होतं. अडचण अशी, की नुसत्या उजेडानेही ती दुरुस्त होते. म्हणून नागपूरच्या मे महिन्यात खिडक्या बंद, खिडकीतला कूलरही काढलेला.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सरांशी बोलताना अडखळायचो. एकदा तेच म्हणाले, "तुझे बाबूजी गांधीबागेत कापडाच्या दुकानात आहेत ना? त्यायले म्हण, सूर्य दिसणार नाही असं काळं कापड पाहिजे."

बाबा एकेक तागा दारात नेऊन उन्हासमोर धरत राहिले. शेठजींनी विचारलं, "मोर्चा कशाचा आहे गा?"

"पोराच्या सायन्सचा," बाबा म्हणाले.

निवृत्तीच्या दिवशीही सर त्या काळ्या कापडाच्या पडद्यांआड होते. औषध दिलेल्या पेशी कमी जगतात, असं एकदा दिसलं होतं. पुन्हा दिसलं तरच त्यांचं काम छापून येणार होतं, आणि उद्यापासून खोली दुसऱ्यांची. पेशींना किरण देऊन झाले होते, त्यांच्या काचेच्या बशा टेबलावर होत्या. सर बाहेर येईनात म्हणून सत्कारच आत आला.

"सर, तिकडे हार सुकून राहिले," शिपाई म्हणाला. फोटोग्राफरने पडदा सरकवला.

"उजेड काहून..." सरांचं वाक्य फ्लॅशमध्ये बुडालं. खांद्यावर नुकतीच पडलेली शाल त्यांनी ओढून बशांवर टाकली.

दोन दिवसांनी शेजारच्या प्रयोगशाळेत आम्ही बशा पाहिल्या. औषधाच्या, बिनऔषधाच्या, सगळ्या यीस्टने सारख्याच भरल्या होत्या.

"तोंड काहून पाडलं गा? माझ्या सत्कारानं जगल्या त्या," सर म्हणाले. मग कोटाची बटणं काढायला त्यांना फार वेळ लागला.

सर आता नाहीत. तुम्ही कधी आमच्या विभागात गेलात तर तो फोटो बघा. सगळे कॅमेऱ्याकडे पाहून हसताहेत. सर तेवढे वाकलेले, नारळ काखेत, आणि शालीची टोकं बशांखाली खोचताहेत.