गणिताविरुद्धचं पत्रक आणि भरीत पार्टी

अकरावीच्या सहामाहीत मला गणितात ऐंशीपैकी अकरा गुण पडले. त्यातले चार बाईंनी दयेने दिले होते, असं माझं आजही मत आहे.

धुळ्यात, देवपूरला आमची शाळा. तिथे सहामाहीनंतर एक विषय बदलता यायचा. गणित सोडून संगीत घ्यायचं तर अर्ज भरायचा, पालकांची सही घ्यायची आणि सोमवारी ऑफिसात द्यायचा. एकदा बदलला की परत फिरणं नाही. म्हणजे इंजिनिअरिंग विसरायचं. वडील म्हणाले, "आबांना विचारू, मग सही करतो."

माझा विषय, माझे गुण, माझी सतरा वर्षं, आणि निर्णय कोण घेणार? पारोळ्याला शेती करणारे माझे मोठे काका! डोकंच फिरलं माझं.

तेव्हा मी नुकतीच विद्यार्थ्यांच्या एका गटात जायला लागले होते. बसचे पास, वसतिगृहातलं पाणी, कशावरही आम्ही पत्रक काढायचो. मी घरच्यांसाठीही काढलं. 'गणिताची सक्ती कुणाच्या फायद्याची?' पाच मुद्दे, शेवटी तीन उद्गारचिन्हं, वीस झेरॉक्स. रविवारी आबांच्या शेतात भरीत पार्टी होती. अख्खं खानदान एका जागी सापडणार होतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होती. मी सगळ्यांना पत्रकं वाटली. एका काकांनी पाठकोऱ्या बाजूवर लगेच मिरच्या ठेवल्या. आणि अक्कांनी, म्हणजे आबांच्या बायकोने, माझ्या हातात मुसळ दिलं.

हा आमच्याकडचा नियम. भाजलेली वांगी बडगीत, लाकडी उखळात, ठेचायची, आणि ज्याच्या हाती मुसळ आलं त्याने घाणा पुरा होईपर्यंत थांबायचं नाही. त्यामुळे माझी पंचाईत झाली. मी ठेचतेय आणि माझंच पत्रक माझ्यासमोर मोठ्याने वाचलं जातंय!

"आते लगनमा बँड वाजाडशी का?" चुलतभाऊ म्हणाला.

"तुझ्या लग्नात फुकट वाजवते. आधी मुलगी तर मिळू दे."

सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावून पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. उलटवून मागेही पाहिलं.

"पोरी, या कागदमा गानं कोठे शे?"

"म्हणजे?"

"बठ्ठं गनितच शे. पाची मुद्दा गनितना. गानानी एक ओय नही." म्हणजे गाण्याची एक ओळही नाही.

"ते गृहीत आहे, आबा."

"गृहीत धरायला तुला गणित येतं कुठे?" वडील म्हणाले. पुन्हा हशा. मी वांग्यांवर राग काढला.

पण आबांचं खरं होतं. गटात मी भांडायचं कसं ते शिकले होते. काय नको ते मला धडाधड लिहिता यायचं. काय हवं ते लिहायला लागलं की वाटायचं, हे फार लेचंपेचं दिसेल.

मग ठेचता ठेचताच सांगितलं. दोन महिने मी मधल्या सुट्टीत डबा न खाता संगीताच्या बाईंकडे जाते. त्या पेटीवर सूर धरतात, मी गाते. गळा चढतो तिथे फाटतो. दुसऱ्या दिवशी परत जाते. गणितात फाटलं की मात्र आठवडाभर वही उघडत नाही.

"डबा कोन खास मंग?" अक्कांना एवढंच ऐकू आलं.

"मैत्रीण."

"गाय मंग," आबा म्हणाले.

मी मुसळ न थांबवता बाईंनी शिकवलेली भूप रागातली चार ओळींची बंदिश गायले. तिसऱ्या ओळीला गळा फाटला. परत घेतली. परत फाटला. तिसऱ्यांदा जमली. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. कुणीतरी कांद्याची पात मागितली.

"बेसूर शे का बरं शे, माले समजत नही," आबा वडिलांना म्हणाले. "पन तीनदा म्हननी. तू देख आते."

म्हणजे त्यांनी निर्णय घेतलाच नाही! त्यांच्यावर चिडायला मी झेरॉक्सची अख्खी थप्पी खर्च केली होती.

जेवणं झाल्यावर वडिलांनी अर्ज मागितला. तो माझ्या पिशवीत भरलेला तयार होता. 'कारण' या रकान्यात मी गणित कसं अन्यायकारक आहे ते दाटीवाटीने लिहिलेलं. ते मी खोडलं आणि वर उरलेल्या जागेत लिहिलं, 'गायला शिकायचं आहे.'

वडिलांनी वाचलं. "पुढे रडायचं नाही."

"रडेन. पण इंजिनिअर झाले नाही म्हणून नाही."

त्यांनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुरीचे तेलकट हात जुन्या धोतराच्या फडक्याला पुसले आणि सही केली.