कार्ड दाखवा, भाऊ

लग्नाची बायको रोज संध्याकाळी आपल्याला ‘भाऊ’ म्हणते, हे माणसानं सांगायचं तरी कुणाला? ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीचे तोंडावर हळहळतात आणि वळले की हसतात. म्हणून रीडिंगकाकांनी ते समोरच्या वहिनी सोडल्या तर कुणाच्याच कानावर घातलं नव्हतं. वीज खात्यात घरोघरचे मीटर वाचण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, त्यामुळे गल्लीत काय आणि सासुरवाडीत काय, त्यांचं नाव रीडिंगच पडलं होतं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव तेवढं गळ्यातल्या ओळखपत्रावर उरलं होतं.

हे ओळखपत्र मिळवताना त्यांनी जोडे झिजवले होते. आधी फोटो लहान निघाला, मग मोठा निघाला, मग साहेब रजेवर, आणि साहेब आले तर शिक्का सापडेना. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे म्हणणारा माणूस नक्की याच खिडकीपुढे उभा असणार. तोवर नव्या नोकरीतल्या या पोरगेल्या माणसाला दारात कुणी उभं करत नव्हतं. बायका खिडकीतूनच हाकलायच्या. कार्ड आलं आणि तीच दारं उघडली. आपल्या तोंडापेक्षा त्या चौकोनाला जास्त पत आहे, हे काकांना तेव्हाच कळलं आणि थोडं लागलंही.

त्याच सुमारास कुणी भामटा मीटरवाला म्हणून एका म्हातारीच्या घरात शिरला आणि तिच्या बांगड्या घेऊन पसार झाला. काकांचं नवं लग्न, बायको दिवसभर घरात एकटी. त्यांनी तिला समोर बसवून शिकवणी घेतली. “आधी फोटो बघायचा, मग शिक्का, मग सही. तिन्ही बघितल्याशिवाय दाराची साखळी काढायची नाही. अगदी मी आलो तरी.”

ते शेवटचं वाक्य निव्वळ ऐटीत म्हटलं होतं. माणूस तरुणपणी असं काहीबाही बोलून जातो. बायकोनं मात्र ते उचललं. काका संध्याकाळी आले की आवाज जाड करून म्हणायचे, “लाईटवाला आलोय.” आतून साखळीच्या फटीतून उत्तर यायचं, “कार्ड दाखवा, भाऊ.” मग ती फोटो न्याहाळायची, नाक मुरडायची, शिक्का उजेडात धरायची आणि मोठ्या मेहरबानीनं दार उघडायची. हातात पाण्याचा पेला तयार असायचा, कारण मीटरवाल्याला कुठल्याच घरी पाणी विचारत नाहीत, हे त्यांनीच तिला सांगितलं होतं. पुढे लेक झाली, मोठी झाली, आईबापांच्या या थेरांची तिला लाज वाटू लागली, ती लग्न होऊन दूर गेली. खेळ चालूच राहिला.

मग बायकोचं विसरणं सुरू झालं. आधी भाजीत मीठ दोनदा पडू लागलं, मग शेजारणींची नावं गेली, मग फोनवर लेकीला ती “कोण बोलतंय?” विचारू लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हात टेकले. सकाळी ती बरी असायची. “अहो, चहा निवतोय,” म्हणायची. ऊन उतरलं की तिचंही काहीतरी उतरायचं, आणि दारात उभा असलेला नवरा तिला परका व्हायचा. सगळं विसरली, तेवढी शिकवणी विसरली नाही. खेळ राहिला होता, त्यातली गंमत तेवढी गेली होती.

आता ती खरंच कार्ड तपासायची. फोटो, शिक्का, सही. फोटोतल्या काळ्याभोर केसांच्या माणसाकडे बघून एकदा म्हणाली, “तुमचा मुलगा का? आमच्या ह्यांच्यासारखा दिसतो.” मग साखळी निघायची. “मीटर दारामागं आहे, भाऊ.” काका निमूटपणे स्वतःच्याच घराचा मीटर वाचायचे, “झालं, वहिनी,” म्हणायचे, पाणी प्यायचे आणि खुर्चीत टेकायचे. दिवसभर लोकांचे जिने चढून पाय भरून आलेले असायचे. कधी जेवताना, कधी अंथरूण घालताना ती एकदम विचारायची, “अहो, तुम्ही कधी आलात?” तेवढ्यासाठी ते थांबून असायचे. कधी कधी तो प्रश्नही यायचा नाही.

एकदा कार्ड दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात राहून गेलं. ती फटीतून “चोर, चोर” ओरडली, माणसं जमली. समोरच्या वहिनींनी, ज्या दिवसा तिच्याकडे लक्ष ठेवायच्या, कसंबसं समजावून दार उघडायला लावलं. पण झोपेपर्यंत ती भिंतीला पाठ लावून बसली होती आणि नवऱ्याकडे बघून थरथरत होती. ते बघणं काकांना सोसलं नाही. तेव्हापासून ते चष्मा विसरले तरी कार्ड विसरले नाहीत.

आणि आज निवृत्ती. साहेबांनी भाषण केलं, त्यात काकांचं आडनाव चुकवलं. फुलांचा गुच्छ दिला आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. आता ज्याला कुठंच वेळेवर जायचं नाही त्याला घड्याळ का देतात, देव जाणे. मग काकांना नोकरीचे कागद बघणाऱ्या आस्थापनेच्या बाईंकडे पाठवलं. त्यांच्या टेबलावर कात्री होती. जमा झालेल्या कार्डाचा कोपरा फोटोसकट कापायचा आणि तुकडे डब्यात टाकायचे, अशी तिथली रीत.

“कार्ड काढा,” बाई म्हणाल्या. सकाळपासून निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं हेच सांगणं चाललं होतं.

“बाई, हे राहू दे माझ्याकडे. निदान नवं मिळेपर्यंत.”

“पेन्शनरचं वेगळं येतं. वरून येईल तेव्हा येईल. हे ठेवता येत नाही, काका. निवृत्त माणसाच्या गळ्यात कार्ड, उद्या कुणाच्या घरात शिरलात म्हणजे?”

“माझ्याच घरात शिरायचंय,” काका म्हणाले.

मागच्या टेबलावर कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मान वर करून काकांकडे नीट पाहिलं. काकांच्या मनात आलं, सांगून टाकावं. पण भरल्या कचेरीत आपल्या बायकोचं हसं कोण करून घेणार?

“कार्ड जमा झाल्याशिवाय पेन्शनचे कागद पुढे जात नाहीत,” बाई हळू म्हणाल्या. “माझ्या हातात असतं तर दिलं असतं.”

पेन्शन अडली तर बायकोच्या गोळ्या अडणार. काकांनी दोरी मानेवरून काढली. कात्री एकदाच वाजली. बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी दोरी आणि कार्डाचं रिकामं प्लॅस्टिकचं पाकीट परत दिलं. “हे घेऊन जा. हे कुणी मोजत नाही.”

काका ते गळ्यात घालून घरी निघाले. आता घराबाहेर पडायचंच नाही, असं त्यांनी वाटेत ठरवलं. दूध समोरच्या वहिनींकडून मागवू, औषधं लेक पाठवील. पण आज एकदा तरी आत जायला हवं होतं. वहिनींच्या दाराला कुलूप होतं. गुच्छ आणि घड्याळ काखेत मारून त्यांनी आपल्या दारावर टकटक केली. आवाज जाड करायची गरज नव्हती, तो आपोआपच तसा निघाला.

“लाईटवाला आलोय.”

दार साखळीपुरतं उघडलं. “कार्ड दाखवा, भाऊ.”

त्यांनी पाकीट पुढे केलं. तिनं ते फटीतून हातात घेतलं, पुढून बघितलं, मागून बघितलं, उजेडात धरलं.

“यात काहीच नाही, भाऊ.”

“आज जमा करून घेतलं, वहिनी.”

आता ती ओरडणार, असं काकांना वाटलं. पण ती ओरडली नाही. दारातल्या थकलेल्या म्हाताऱ्याची तिला दया आली असावी. ती आत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. साखळीच्या फटीतून तो जेमतेम बाहेर आला, थोडं पाणी तिच्या हातावर सांडलं.

“पाणी प्या. मीटरवाल्यांना कुणी विचारत नाही, आमचे हे सांगतात,” ती म्हणाली. “आत नाही घेता येणार. पण बसा इथं पायरीवर. ते येतीलच आता. तेही तुमच्याच खात्यात आहेत. त्यांनी तुम्हाला ओळखलं, तर उघडते.”

“बरं, वहिनी,” काका म्हणाले, आणि घड्याळ मांडीवर घेऊन पायरीवर बसले. ती दाराच्या फटीशी उभीच राहिली, जिन्याकडे डोळे लावून.

“उशीर झाला आज त्यांना,” थोड्या वेळानं ती म्हणाली.

“येतील,” काका म्हणाले.