दोन बोटांचा ढाळ

आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, पण एका छपराखाली आम्ही दोनच वर्षं राहिलोय. पहिली बारा वर्षं नवरा कुवेतमध्ये ड्रायव्हर आणि मी रत्नागिरीकडच्या गावात. वर्षातून एक महिना तो यायचा. त्यातले आठ दिवस पाहुण्यांकडे जेवणं झोडण्यात जायचे आणि पुढचे आठ दिवस त्या जेवणांनी बिघडलेलं पोट सांभाळण्यात. मग त्याच्या मालकाच्या म्हाताऱ्या आईसाठी एक बाई हवी होती, हाताला चव असलेली, पण तेल-मीठ बेतानं घालणारी. नवऱ्याने माझं नाव सांगितलं. त्याने आयुष्यात केलेली ही सगळ्यात धीट गोष्ट. मूलबाळ नाही, सासू-सासरे राहिले नाहीत, त्यामुळे मला मागे अडवणारंही कुणी नव्हतं. मी आले.

मालकाचं घर सबाह अल-सालेमला आहे. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात एक पोर्टा केबिन आहे. घर बांधताना इंजिनिअरला बसायला आणली होती, ती तिथेच राहिली. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, पत्र्याच्या भिंती. तिला पाया नाही. चार सिमेंटचे ठोकळे पुढच्या बाजूला, चार मागच्या, आणि त्यांच्यावर ती नुसती टेकलेली. पुढच्या भिंतीत दार, मागच्या भिंतीत खिडकीतला एसी, एसीखाली आमचा पलंग आणि कोपऱ्यात शेगडी. त्या डब्याला मी पहिल्या दिवसापासून घर म्हणत आले. नवरा 'कॅबिन' म्हणायचा.

गेल्या थंडीत इथे चार दिवस पाऊस झाला. कुवेतला पाऊस म्हणजे शाळांना सुट्ट्या आणि रस्त्यांची तळी. आमच्या मागच्या भिंतीखालची भराव घातलेली माती बसली आणि केबिन मागे कलली. आधी ते घावनांवरून कळलं. तव्यावर घातलेलं पीठ एका बाजूला जायचं, अर्धं घावन जाड आणि अर्धं कागद. मग हातातून पडलेला कांदा पलंगाखाली जायला लागला. मग दार लागेना. चौकट तिरकी झाली होती, वरचा कोपरा घासायचा. आम्ही दाराला आतून दोरी बांधून झोपायचो.

एका बुधवारी मालक बघायला आले. त्यांनी दार दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा लाथेने लोटलं आणि म्हणाले, "खलास." शनिवारी सकाळी क्रेन येणार, केबिन भंगारात जाणार. नवऱ्याने गेटजवळच्या खोलीत इतर दोन ड्रायव्हरांबरोबर झोपायचं, मी वर कामवाल्या दोन पोरींच्या खोलीत. मालक वाईट माणूस नाही. त्यांच्या हिशेबी दोघांचीही सोय झाली होती. पण माझ्या डोक्यात सणक गेली. एका आवारात राहून आम्ही पुन्हा फोनवरचे नवरा-बायको होणार होतो. तो गेटवरून विचारणार, जेवलीस का, आणि मी वरून सांगणार, जेवले.

"तुम्ही काय बोलला का नाय?" मी नवऱ्याला विचारलं.

"अगो, अरबाब बोलले म्हणजे झाला. आपण काय बोलणार?"

"तुम्ही नका बोलू. मी बोलत्ये."

त्याने रात्रीच्या जेवणाआधीच आपले शर्ट बॅगेत भरायला घेतले. त्याला वाद नको असतो, कुणाशीच नको असतो. मला त्याचा हा स्वभाव आवडतो आणि त्याच स्वभावाचा संतापही येतो.

माझे वडील गवंडी होते. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून नळीचं दुसरं टोक धरायला मी. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक ते धरणार, दुसरं मी. पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीवर उभं राहतं, मग घराचे चार कोपरे एकमेकांपासून कितीही लांब असोत. नवव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत मी ते टोक धरलं. थापीला मात्र त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. पोरीच्या हाताला चिरा पडतात म्हणायचे. पण बघायला तर कुणी बंदी केली नव्हती.

गुरुवारी म्हातारीला पेज भरवताना मी तिला माझ्या मोडक्या अरबीत सगळं सांगितलं. तिने मुलाला हाक मारली. मालक आले, त्यांनी ऐकलं आणि हसले. त्यांना हिंदी चांगलं येतं.

"तू? कॅबिन सीदा करेगी?"

"करूंगी. जुम्मा मेरेको दे दो."

"जुम्मा तेरा. शनिवारी दार लागलं नाही तर क्रेन." हे पुढचं त्यांनी अरबीत सांगितलं, ते त्यांच्या मागोमाग आलेल्या नवऱ्याने मला समजावलं. त्याची पाचावर धारण बसली होती. उद्या घराखाली जॅक सरकला तर बायको जाईल आणि नोकरीही, हे त्याने मला तीनदा ऐकवलं. दोन्हीतलं आधी काय म्हणाला ते मी लक्षात ठेवलंय.

शुक्रवारी सकाळी सहाला आम्ही घर रिकामं केलं. सिलिंडर, पलंग, भांडी, कपाट, सगळं बाहेर. वीज बंद केली. अवजारं म्हणजे मालकाच्या जुन्या पिकअपचा जॅक, बागेमागे पडलेली दहा मीटर नळी, एक फावडं आणि बांधकामातल्या उरलेल्या फळ्या आणि प्लायवूडचे तुकडे. नळीत मी साधं पाणी न भरता कोरा चहा भरला, म्हणजे रेघ लांबून दिसते. नखाने टिचक्या मारून आतले बुडबुडे घालवले. मग पुढच्या कोपऱ्यावर खूण करून एक टोक नवऱ्याच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन मी केबिनला प्रदक्षिणा घातली.

"हलवू नका!"

"मी हलवत नाय, माझा हात हलतोय."

पुढचे चार ठोकळे ठीक होते. मागचे चारही बसले होते. एसीच्या टोकाकडचा दोन बोटं, मग तीन, मग तीन, आणि शेगडीमागचा चांगला चार बोटं. खडूने पत्र्यावर आकडे लिहिले. ते आकडे बघून मला धीर आला. तोवर घर वाकडं होतं. आता ते कुठे किती वाकडं आहे ते माहीत होतं.

आधी मागची माती धरून घेतली. ठोकळ्यांच्या भोवती खडी घातली आणि गावाकडे जमीन चोपतात तशी जाड फळीने चोपली. मग जॅक. त्याच्याखाली फळी, नाहीतर वाळूत केबिन वर यायच्या ऐवजी जॅकच खाली जातो. एका कोपऱ्याला एकदम चार बोटं उचललं तर पत्रा पिळवटतो आणि खिडक्या फुटतात, म्हणून आधी सगळीकडे एकेक बोट. उचलायचं, ठोकळ्यावर प्लायचा तुकडा सरकवायचा, जॅक सोडायचा, पुढच्या ठोकळ्याकडे जायचं. आत हात घालायचा नाही, तुकडा काठीने ढकलायचा. नवरा जॅक मारत होता, मी काठी आणि नळी सांभाळत होते. दुसऱ्या फेरीत पत्रा असा कण्हला की नवऱ्याने दांडा सोडून तीन पावलं मागे उडी मारली. मी ओरडले. नंतर आम्ही दोघंही हसलो, पण आधी मी ओरडले.

दुपारच्या नमाजाची बांग झाली, माणसं मशिदीत गेली आणि आली. आम्ही तिथेच उकिडवे बसून डाळभात खाल्ला. दोनच्या सुमारास चहाची रेघ आठही ठिकाणी खुणेवर आली. दार ओढलं. कोपरा घासला नाही. इतक्या अलगद लागलं की मी ते पाच वेळा लावून पाहिलं.

तिथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण माझ्या वडिलांनी कुठलीच जमीन कधी सपाट सोडली नाही. आमच्याकडे पडवी असो, माजघर असो की न्हाणी, दाराकडे उतार हवाच. बाईने बादली ओतली की पाणी आपल्या पायाने बाहेर गेलं पाहिजे. त्याला ते ढाळ म्हणत. ढाळ न देणारा गवंडी त्यांच्या लेखी गवंडीच नव्हता. माझा हात आपोआप प्लायवूडकडे गेला.

"दोन बोटं ढाळ देत्ये," मी म्हटलं.

"व्हय तर! ढाळ नको काय?" नवरा म्हणाला. दिवसभर प्रत्येक गोष्टीला कचरणारा माणूस, नेमका तिथे लगेच हो म्हणाला.

मागच्या चारही ठोकळ्यांवर आणखी दोन बोटं चढवली. आत जाऊन मागच्या भिंतीपाशी तांब्याभर पाणी ओतलं. पाणी सरळ दारातून बाहेर गेलं. आम्ही दोघं खुळ्यासारखे ते बघत उभे राहिलो. वडील असते तर त्यांनाही दाखवलं असतं.

सामान आत लावलं, पलंग एसीखाली सरकवला, एसी चालू केला आणि मी चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत गादीवर पहिला थेंब पडला. मग दुसरा. मग धारच लागली. त्याच वेळी मी नुसतं लोटलेलं दार हळूच सुटलं आणि कुणी हात न लावता पूर्ण उघडून उभं राहिलं.

नवरा पलंगाच्या काठावर बसला. "संपला," म्हणाला.

मी आधी एसीला शिव्या घातल्या, मग तो बसवणाऱ्याला. आम्ही राहायला आल्यापासून त्या एसीने कधी आत पाणी टाकलं नव्हतं, आजच काय झालं याला? मग माझी नजर जमिनीवरच्या ओल्या रेघेवर गेली. मागच्या भिंतीपासून दारापर्यंत, मी ओतलेल्या पाण्याची. आणि मी कपाळाला हात लावला. एसी बसवताना त्याला बाहेरच्या बाजूला थोडासा उतार देतात, त्याचं पाणी बाहेर पडावं म्हणून. मी दिलेल्या ढाळाने तो उतार उलटा केला होता. जमिनीवरचं पाणी दाराकडे, तसं एसीचंही दाराकडे, आणि मध्ये आमची गादी. दारही त्याच उताराने बाहेर झुकत होतं. वडिलांनी शिकवलेलं काहीच चुकीचं नव्हतं. फक्त त्यांनी ते ज्या घरांसाठी शिकवलं, त्या घरांत जमिनीवर बादल्या ओततात. इथे मी ओल्या फडक्याने फरशी पुसते.

"उठा," मी म्हटलं. "जॅक घ्या."

"परत?"

"दोन बोटं खाली घ्यायची हायत. चार ठोकळे. ऊन हाय तवर होईल."

मला वाटलं, तो नाही म्हणेल. तो उठला. या वेळी पत्रा कण्हला तरी दांडा त्याने सोडला नाही. मी सांगायच्या आधी त्याने नळीचं टोक उचलून खुणेवर धरलं आणि त्याचा हात हलत नव्हता. सूर्य मावळायच्या आत चारही तुकडे निघाले. एसीचं पाणी बाहेरच्या वाळूत टपटप पडायला लागलं, ते आम्ही मागे जाऊन दोघांनी पाहिलं. दार अर्धं उघडं ठेवलं तर अर्धंच राहिलं.

शनिवारी सकाळी क्रेन गेटवर हॉर्न वाजवत होती. मालक आले, मागून व्हीलचेअरवर त्यांची आई. त्यांनी दार लावलं, उघडलं, अर्ध्यात सोडून वाट पाहिली. मग खिशातून फोन काढला, त्यात लेव्हल बघायचं काहीतरी असतं, आणि तो जमिनीवर ठेवला. वाकून बघितलं. दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला. मग पलंगाखाली हात घालून तिसऱ्या.

"सिफर," ते म्हणाले. शून्य. मग आणखी मोठ्याने, "सिफर!"

म्हातारीने टाळी वाजवली आणि मला 'मुहंदिसा' म्हणाली. इंजिनिअरबाई. मालकांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "तूने किया?"

माझा नवरा, ज्याने चौदा वर्षांत मालकांच्या कुठल्याही वाक्याला हो सोडून दुसरं उत्तर दिलं नव्हतं, तो म्हणाला, "नहीं अरबाब. इसने किया. मैं सिर्फ जॅक मारा." आणि वर, "ये हमारा घर है."

घर म्हणाला. मला तिथेच रडू फुटलं असतं, पण मालकांसमोर रडायचं नव्हतं. मालकांनी क्रेनवाल्याला हाताने परत जा म्हणून सांगितलं. तो निघताना मान बाहेर काढून आमच्या ठोकळ्यांकडे वाकून बघत होता. मग मालक मला म्हणाले, "बोल, क्या मांगता?"

नवऱ्याने मला कोपराने ढोसलं, काही मागू नको म्हणून. मी मागितलं. आमच्या दाराला कुलूप होतं, पण किल्ली एकच आणि ती मालकांच्या जुडग्यात. माळी फावडं घ्यायला यायचा, मुलं चेंडू शोधायला, कुणीही कधीही. मी म्हटलं, दार आता लागतं. किल्ली आम्हाला द्या.

मालकांनी जुडगा काढला, किल्ली शोधली, नखाने कडीतून सोडवली. नवऱ्याने सवयीने हात पुढे केला. ती त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मी मूठ मिटली आणि नवऱ्याला सांगितलं, आत यायचं असेल तर आता मला विचारायचं.