काकूंच्या लोणच्यातलं शिसं

"शिसं? माझ्या लोणच्यात शिसं? अरे, शिसं तुझ्या डोक्यात असंल!"

काकूंचा आवाज खाली आबिड्सच्या चौकातल्या बसकंडक्टरनं ऐकला आणि घाबरून डबल बेल मारली, असं मी आजवर सांगत आलोय. त्यात खोटं एवढंच, की बस आधीच सुटलेली होती. काकूंनी लोणच्याची बरणी प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलावर आपटली. आमचा काचेच्या पेटीतला नाजूक तराजू एरवी माणसानं उसासा सोडला तरी हलायचा. त्या दिवशी तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत थरथरत होता.

"काकू, हळू. मशीन चालू आहे."

"असू दे चालू! ऐकू दे त्याला बी. त्यानंच सांगितलं ना?"

सांगितलं त्यानंच होतं. मी फक्त कागदावर लिहून सही केली होती. पण ज्या हातानं काकूंच्या घरचं दोन्ही वेळा जेवायचो त्याच हातानं ती सही केली होती, हा माझा गुन्हा.

या काकू नात्यानं माझ्या कुणी नव्हत्या. चिक्कडपल्लीत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी राहायचो, एवढंच नातं. माहेर परभणीकडचं, शेतकऱ्याचं. लग्न होऊन हैदराबादेत आल्या, शेजारच्या तेलुगू अम्मांकडून आवकाय, म्हणजे तिकडचं कैरीचं जहाल लोणचं, शिकल्या आणि त्यात माहेरचा हिंग घुसवला. मग जे तयार झालं, त्याची एक फोड तोंडात घातली तर तिरडीवरचा माणूस उठून बसेल आणि विचारेल, "भात हाय का?"

देशाचा बाजार तेव्हा नुकताच खुला झाला होता. जो तो कुठंतरी माल पाठवायच्या गोष्टी करायचा. त्या वाऱ्यात काकूंचं लोणचं दुबईला निघालं. मलकपेठेच्या एका व्यापाऱ्यानं ते चाखलं, डोळे पुसले आणि मागणी नोंदवली. काकूंनी गल्लीतल्या सहा बायका हाताखाली घेतल्या. नथ घालून स्टुडिओत फोटो काढला आणि तो लेबलावर छापून घेतला. आयुष्यभर अमक्याची सून, तमक्याची बायको म्हणून ओळखली गेलेली ही बाई आता स्वतःच्या चेहऱ्यानं समुद्र ओलांडणार होती. व्यापाऱ्याची अट एकच होती: लोणच्यात शिसं नाही असा दाखला. माल शनिवारी निघायचा होता. बरणी आपटली तो सोमवार.

आता आमच्या यंत्राविषयी. नमुना ॲसिडमध्ये शिजवायचा, पार पाण्यासारखा करायचा आणि ज्योतीत फवारायचा. त्या ज्योतीतून एका खास दिव्याचा उजेड सोडायचा. नमुन्यात शिसं असेल तर ते त्यातला उजेड गिळतं. जितका उजेड कमी, तितकं शिसं जास्त. काम इतकं बारीक, की हुसेनसागरात एखाद्या मुंगीनं पाय धुतले तर आमचं यंत्र सांगायचं, डावा धुतला का उजवा. त्याचं नाव अणुशोषण वर्णपटमापी. ते मी एकदा काकूंना सांगितलं, तर त्यांनी मला आल्याचा काढा करून दिला.

आणि आता साहेब. साहेब अस्सल हैदराबादी. सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन आमच्या या नव्या खाजगी प्रयोगशाळेत आले. येताना त्यांनी दोनच गोष्टी आणल्या: वडिलांच्या वेळचा पितळी शिक्का आणि लाल लाखेच्या कांड्या. नमुना घ्यायला ते स्वतः जायचे. बाटलीच्या तोंडावर फडकं, फडक्यावर दोरा, दोऱ्यावर वितळलेली लाख आणि लाखेवर शिक्का. "मुहर है तो नमुना है, मियाँ," म्हणायचे, "नहीं तो खाली अचार है." एकदा माझा जेवणाचा डबा चुकून नमुन्यांच्या टेबलावर राहिला, तर त्यालाही सील ठोकलं. हातोडीनं फोडून जेवलो.

"एवढं सामान घातलं लोणच्यात," काकू म्हणाल्या, "त्यात शिसं कुठून आलं ते तूच सांग."

मी मूर्ख. मी सांगितलं. "काकू, शेंदूर म्हणजे शिसंच असतं. तुम्ही शनिवारी मारुतीला शेंदूर लावता, आणि त्याच हातानं जर..."

काकूंनी बरणी उचलून पोटाशी धरली. त्यांच्या ओरडण्याला मी कधी भ्यालो नाही, पण पुढचं वाक्य त्या ओरडल्याच नाहीत.

"माझ्या मारुतीवर आळ घेतलास?" त्या हळू म्हणाल्या. "तुझी ही नोकरी पक्की व्हावी म्हणून त्याच्याच पुढं नारळ फोडला होता मी."

दुसऱ्या दिवशी त्या ऑटो भरून आल्या. तिखट, मोहरी, मीठ, तेल, हिंग, कैऱ्या, डाव, बरणीचं फडकं. शेवटी दोन्ही हात माझ्यापुढं धरले. "ह्ये बी धुऊन बघ." बघितले. हात धुतलेलं पाणीसुद्धा यंत्रात घातलं. दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. कशात शिसं नाही. यंत्र इतकं निवांत होतं, की मला त्याचं घोरणं ऐकू यायला लागलं. साहेबांनी सील करून आणलेल्या बाटलीतलं लोणचं मात्र पुन्हा तपासलं तरी तेच: शिसं आहे.

काकूंनी माझ्याशी बोलणं सोडलं. ताट पुढं सरकवायच्या, पण बघायच्या भिंतीकडं. घरात तयार बाटल्यांच्या रांगा जिन्यापर्यंत आलेल्या. वर चढताना नथ घातलेल्या शेकडो काकू माझ्याकडं बघायच्या. मात्र त्या आठवड्यात माझ्या डब्यातलं लोणचं एक दिवसही चुकलं नाही.

गुरुवारी दुपारी डबा उघडला, फोड उचलली आणि हात तोंडापाशीच थांबला. हे लोणचं त्याच बरणीतलं. साहेबांनी काकूंच्या घरून नमुना घेतला ती हीच बरणी. चपाती तशीच टाकून मी ती फोड ॲसिडमध्ये शिजत ठेवली. आयुष्यात काकूंच्या लोणच्याशी मी एवढं निर्दय कधी वागलो नाही. तीनदा तपासलं. शिसं नाही.

एकाच बरणीची दोन लेकरं, एक डागी आणि एक चोख. फरक काय? एकाच्या तोंडावर साहेबांचं सील, दुसऱ्यावर माझ्या डब्याचं झाकण.

बाटली उजेडात धरली. काचेला चिकटून तेलात लाल कण होते. तिखटाचेच म्हणून मी इतके दिवस त्यांच्याकडं बघितलंच नव्हतं. चिमट्यानं एक काढून दाबला, तर कडक! लाख. सील मी सुरीच्या मुठीनं ठोकून फोडायचो आणि फडकं ओढायचो, तेव्हा तिचे कण आत उडायचे. पाण्याच्या नमुन्यात पडले असते तर लगेच दिसले असते, तांदळात तर आंधळ्यालाही दिसले असते. पण लाल लोणच्यात लाल लाख कोण शोधणार?

मग लाखच तपासली. आलेख काढणारी लेखणी कागद सोडून टेबलावर गेली, टेबल सोडून भिंतीवर चढली, आणि मी वीज बंद केली नसती तर चारमिनारपर्यंत रेघ ओढत गेली असती. कांड्या बनवणाऱ्यानं रंग खुलावा म्हणून लाखेत मनसोक्त शेंदूर कालवला होता. काकूंच्या मारुतीवर नको तो आळ घेतला. शेंदूर आमच्याच शिक्क्याखाली बसला होता.

आता साहेबांना सांगायचं कुणी? मी आधी दोन बाटल्यांत शुद्ध पाणी घेतलं. एकीला सील ठोकून फोडलं, दुसरीला नाही. दोन्ही लोणच्यासारख्याच तपासल्या आणि दोन्ही आकडे त्यांच्यापुढं ठेवले. साहेबांनी कागद वाचला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला.

"वालिद के जमाने से लाख लगा रौं, मियाँ."

"हौ साब."

"वो बहेनजी को हम झूठा बोले?"

"हौ साब."

त्यांनी लाखेच्या सगळ्या कांड्या उचलल्या आणि कचऱ्याच्या बादलीत टाकल्या. शिक्का तेवढा हातात राहिला. "जाव, नवा नमुना लाव," म्हणाले, आणि लगेच चेहरा पडला. सील नसलेला नमुना त्यांच्या लेखी नुसता अचार. उद्या शुक्रवार, परवा माल निघणार. बराच वेळ ते शिक्का या हातातून त्या हातात करत बसले. मग एकदम मान वर केली.

"मियाँ, दम की हंडी का मुँह काहे से बंद करते?"

"कणकेनं, साब."

"हौ, बस."

कणीक मी मळली. आधी तिच्यात शिसं नाही याची खात्री केली, मग परातीऐवजी काचेच्या चंचुपात्रात शुद्ध पाण्यानं मळली. जगात इतकी स्वच्छ कणीक कुणी मळली नसेल. शुक्रवारी सकाळी काकूंच्या स्वयंपाकघरात साहेबांनी बाटलीच्या तोंडावर कणकेची वळी फिरवली आणि बिर्याणीला दम द्यावा तशा अदबीनं शिक्का दाबला. काकू दारात हाताची घडी घालून उभ्या. प्रयोगशाळेत ते सील सुकवायला भट्टीत ठेवलं, तर भाजल्या रोटीच्या वासानं खालच्या मजल्यावरचे दोन कारकून ताटली घेऊन वर आले.

सील फोडलं. पांढरे तुकडे बाहेरच पडले, एखादा आत गेला असता तर लाल लोणच्यात लगेच दिसला असता. तपासलं: शिसं आढळलं नाही.

संध्याकाळी साहेब स्वतः दाखला घेऊन माझ्याबरोबर चिक्कडपल्लीला आले. चपला काढून उंबऱ्यापाशी उभे राहिले. "बहेनजी, आप का अचार पाक है. खोट हमारी मुहर में थी. माफ करना." मी दाखला दवंडी पिटावी तसा मोठ्यानं वाचला. सहाही बायका हातातलं काम सोडून ऐकत होत्या. एकीनं पदर डोळ्यांना लावला; तिखटामुळं असेल, पण मी आजवर तसं सांगितलेलं नाही. मग मी देवळीतल्या मारुतीपुढं नाक घासलं आणि त्याचीही माफी मागितली.

काकूंनी दाखला घेतला, घडी केली आणि मारुतीच्या मागं ठेवला. मी नमुन्याची बाटली परत आणली होती. तिच्या गळ्याला कणकेचा एक तुकडा अजून चिकटलेला होता. काकूंनी तो अंगठ्यानं चुरून बघितला. सगळ्यांचं लक्ष त्यांच्या तोंडाकडं.

"कणीक सैल मळलीस," त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या.