तिखट सिस्टर

विद्यापीठाच्या संशोधन पथकात रक्त काढायला जी बाई होती, तिला सगळे तिखट सिस्टर म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. पथकाची पांढरी गाडी उड्डाणपुलाखाली उभी राही. सुईने नशा करणारी माणसं तिथे येत, पडद्याआड बसून प्रश्नांना उत्तरं देत, मग सिस्टरपुढे हात धरत. एकमेकांच्या सुया वापरून त्यांच्यात कोणते रोग पसरतात, याचा तो अभ्यास होता.

सिस्टरला या माणसांचा मनस्वी तिटकारा होता. रक्त मात्र ती इतक्या हलक्या हाताने काढी की समोरच्याला कळतही नसे. "हात सरळ. रडगाणं मला नको, ते पलीकडे प्रश्न विचारणाऱ्या मॅडमना ऐकव," एवढंच तिचं बोलणं.

त्याहून जास्त तिटकारा तिला पथकाच्या प्रमुखांचा होता. हे प्राध्यापक, म्हणजे सर, पाहुण्यांना गाडी दाखवायला आणत. येताना त्यांचा रुमाल नाकाला असे, निघताना डोळ्यांना. "ही आपलीच माणसं आहेत," असं ते भरल्या गळ्याने म्हणत, आणि त्यातलं एखादं आपलं माणूस जवळ आलं की मागे सरकत. ज्याच्या रक्तात रोग सापडे, त्याच्या हातावर त्यांच्या सहीची मोठ्या इस्पितळासाठीची चिठ्ठी टेकवली जाई. इस्पितळात सांगत, आधी नशा सोड, मग औषधाचं बोल. माणूस तोंड पाडून पुन्हा पुलाखाली.

एके दुपारी पडद्याआडून जो आत आला, तो तिचा धाकटा भाऊ होता.

कधीकाळी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावर असताना वरून पडला, पाठ कायमची दुखावली. दुखण्यावरच्या इंजेक्शनांची चटक लागली ती लागलीच. घरातल्या वस्तू एकेक करून विकता विकता आईचं शिलाई मशीनही गेलं, तेव्हा सिस्टरने त्याला घराबाहेर काढलं. त्यानंतर तिने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

त्याने भलतंच नाव सांगितलं होतं. खुर्चीत बसत तो म्हणाला, "हा हात नको सिस्टर. यात आता काही मिळायचं नाही."

नात्यातलं कोणी आलं तर आपण बाजूला व्हायचं, असा पथकाचा नियम होता. तिने दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला. हाच तो पोरगा, शाळेत लस टोचायला आले की चक्कर येऊन पडायचा. आता आपली शीर कुठे सापडेल ते तो बोटाने दाखवत होता.

"आई कशी आहे?" त्याने हळूच विचारलं.

"हात सरळ." मग शीर चाचपत, "आहे. गुडघे गेलेत तिचे."

त्या दिवशी तिला पहिल्यांदाच दोनदा टोचावं लागलं.

रक्तात हिपॅटायटिस सी निघाला. लिव्हर हळूहळू पोखरणारा हा रोग गोळ्यांनी बरा होतो, हे पथकातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सिस्टर तडक सरांच्या खोलीत गेली. आपला भाऊ आहे हे तिने सांगून टाकलं, नियम मोडल्याचंही सांगितलं, आणि या सगळ्यांना गोळ्या गाडीतच का देत नाही, असं विचारलं.

"तुमच्या भावना समजतात मला," सर म्हणाले. "पण उपचार आपल्या अभ्यासाच्या चौकटीत बसत नाहीत. आपण निरीक्षण करतो."

"म्हणजे माणूस बुडतोय आणि आपण पाणी किती खोल आहे ते मोजतोय."

"वा, मार्मिक बोललात," असं म्हणून सरांनी ते वाक्य टिपून घेतलं. भाषणात कामाला आलं असतं.

पुढच्या आठवड्यात, अभ्यासाला पैसा देणाऱ्या संस्थेचे पाहुणे आले. सरांनी तिच्या खांद्यामागे हात हवेतच धरून ओळख करून दिली, "आमच्या सिस्टर या लोकांना बहिणीसारख्या आहेत."

"सारखी नाही," ती म्हणाली. "यातल्या एकाची मी सख्खी बहीण आहे. त्याला रोग आहे हे आम्ही त्याला सांगितलं. औषध आहे हेही सांगितलं. देत मात्र नाही."

पाहुण्यांमधल्या वयस्कर बाईंनी सरांकडे पाहिलं. "खरं आहे हे?"

सरांचा रुमाल या वेळी कपाळाकडे गेला. "उपचारांचा टप्पा आम्ही आता सुरूच करतोय," ते म्हणाले. पथकातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्या टप्प्याबद्दल तेही तेव्हाच पहिल्यांदा ऐकत होते.

पाहुणे गेल्यावर सर फणफणले. "हे मला आधी बोलायचं होतंत."

"बोलले होते. तुम्ही लिहून घेतलंत."

तिला लेखी ताकीद मिळाली. काढून टाकलं नाही, कारण असल्या हातांवर शीर शोधायला दुसरं कोणी तयार होईना. पण शब्द चारचौघांत दिला गेला होता, गिळता येत नव्हता. गाडीत डॉक्टर आले, गोळ्या आल्या, जोडीला नव्या सुयाही. दयेने जे कधी झालं नसतं ते अब्रूच्या भीतीने झालं. वर्षभरात सर ठिकठिकाणी 'माणुसकीचं संशोधन' या विषयावर बोलू लागले, आणि सर डोळे टिपू लागले की सिस्टर सरळ बाहेर जाऊन चहा पिई.

भाऊ रोज गोळी घ्यायला येई. "गिळ. आता तोंड उघड," ती म्हणे.

"ताई, तू लहानपणीही अशीच होतीस."

"आणि तू असाच. उघड म्हटलं ना."

रोग गेला. नशा सुटली नाही. कमी झाली असं तो म्हणे, आणि ती तुच्छतेने हसे. घरी येऊ का, असं त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आईला भेटायला ये. अंघोळ करून ये. राहायचं नाव काढू नकोस."

तो आला. केस ओले होते. आईने त्याला बसवून जेवायला वाढलं, उभ्याने वाढतच राहिली. सिस्टर समोर बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. त्याने ते पाहिलं आणि मान खाली घालून जेवत राहिला.

"आणखी घे," सिस्टर म्हणाली. "आई उगाच उभी राहिलीय."